रात्री दिवा बंद केला की डोकं सुरू होतं, ही जास्त विचार करायची सवय कुणी मोडली आहे का?

खारेगावकर

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबलं तर समजून घ्या.

वय ३३. कळव्याला खारेगावात राहतो, घरी आई-बाबा, बायको आणि साडेचार वर्षांची मुलगी. ऑफिस ऐरोलीला, बाईकने विटाव्यावरून जातो, म्हणजे लोकांना असतो तसला प्रवासाचा वैतागही नाहीये. बाहेरून बघितलं तर माझं सगळं नीट चाललंय आणि तरी डोक्यात रात्रंदिवस दळण चालू असतं.

गेल्या महिन्यातलं सांगतो. मॅनेजरला मेल केला की एक रिपोर्ट दोन दिवस उशिरा जाईल, कारण दिलं, सॉरी पण म्हटलं. त्याचं उत्तर आलं "ओके." एवढंच. एरवी तो "ओके, थँक्स" लिहितो. दुपारी मला काहीच वाटलं नाही, पण रात्री साडेअकराला दिवा बंद केला आणि सुरू झालं. थँक्स का नाही लिहिलं, म्हणजे चिडलाय, मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये मी मध्येच बोललो होतो ते पण लक्षात ठेवलं असणार, म्हणजे अप्रेझल गेलं, नाव काढायच्या यादीत आलं तर काय, घराचा हप्ता, बाबांची औषधं, मुलीची शाळा... पहाटे पावणेचारला मी मोबाईलवर नोकऱ्या बघत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी बाजूच्या डेस्कवाल्या मित्राला विचारलं, तो रागावलाय का रे? तो म्हणाला काही नाही रे, बिझी असेल. बरं वाटलं, अर्धा तास. मग वाटलं याला तरी काय माहीत. संध्याकाळी बायकोला विचारलं, रात्री परत तिलाच विचारलं. ती म्हणते "अरे नको ना एवढा विचार करूस". मलाही नकोच आहे, पण ते बटण कुठे असतं तेच सापडत नाही.

आणि हे एवढंच नाही. दोन वर्षांपूर्वी मित्राच्या हळदीत त्याच्या सासऱ्यांशी काहीतरी बोललो होतो ते अजून आंघोळ करताना आठवतं आणि अंगावर काटा येतो. फ्रीज घ्यायला तीन आठवडे लावले, घेतल्यावर अजून एक महिना तो बरोबर घेतला का यावर घालवला.

लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. परवा रात्री मुलीला गोष्ट वाचून दाखवत होतो. ती म्हणाली "बाबा तू पानच उलटत नाहीयेस." मी किती वेळ त्याच पानावर होतो मला माहीत नाही. ती रागावली पण नव्हती, नुसती बघत होती माझ्याकडे.

मेडिटेशनचं ॲप करून झालं, रात्री फोन हॉलमध्ये ठेवून झालं, पॉझिटिव्ह विचार करून झाले. हा स्वभावच असतो का सवय असते? सवय असेल तर मोडते का? आणि तो मेल हवा तर इथे टाकतो, नाव-गाव काढून, त्यात माझं काही चुकलंय का तेवढं बघून सांगाल का कुणी?

---

घणसोली_४७

टाक की मेल, बघून सांगतो. बाकी माझा अनुभव असा की माणूस रिकामा असला की हे होतं. संध्याकाळी क्रिकेट खेळ नाहीतर जिम लाव, दमलं की झोप येते. मी तेच केलं.

---

कोपरीची_ताई

खारेगावकर, ते पान न उलटण्याचं वाचून गलबलून आलं. माझं हे सगळं झालंय, म्हणून मोठं लिहिते.

२०१९ मध्ये माझ्या आईचं आजारपण सुरू झालं आणि मला काळजीची सवयच लागली. आई बरी झाली पण सवय गेली नाही. मुलगा क्लासवरून दहा मिनिटं उशिरा आला की माझ्या मनात अपघात, हॉस्पिटल, सगळं होऊन जायचं. सासूबाई म्हणायच्या "मन चिंती ते वैरी न चिंती", अगदी तसंच.

दमवून झोपायचं मी पण केलं, झोप लागते पण तीनला जाग येते आणि मग विचार ताजेतवाने असतात.

मला एका समुपदेशक बाईंनी सांगितलं ते साधं होतं, म्हणून आधी मला पटलंच नव्हतं. काळजी बंद नाही करायची, काळजीला वेळ द्यायची. रोज एकच वेळ, एकच जागा. मी संध्याकाळी साडेसहा ते सात ठरवलं, गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची. बेडवर नाही, सोफ्यावर नाही, जेवायच्या टेबलावर नाही. दिवसभरात काही मनात आलं की छोट्या वहीत एका ओळीत लिहायचं आणि मनाला सांगायचं, साडेसहाला. साडेसहाला मात्र खरंच बसायचं. ही गोष्ट मी सुरुवातीला टाळली, मला वाटलं विसरले तर बरंच की, पण मन फसत नाही हो. त्याला एकदा कळलं की साडेसहाला ही बसत नाही की ते रात्री दोनला वसूल करतं.

पहिला आठवडा काही उपयोग झाला नाही, दिवसातून वीस वेळा वही काढत होते. दुसऱ्या आठवड्यात एक झालं. साडेसहाला वही उघडली आणि सकाळी अकराला लिहिलेली ओळ मलाच कळेना. "वहिनी, फोन" एवढंच लिहिलेलं. अकरा वाजता माझ्या पोटात गोळा आला होता त्यावरून आणि आता आठवतही नाही. ते मला कुणी समजावून सांगून पटलं नसतं, स्वतःच्या अक्षरात बघितलं म्हणून पटलं.

त्या अर्ध्या तासात जे खरंच शिल्लक असेल त्यावर विचार करायचा, मनसोक्त. मला बऱ्याचदा वीस मिनिटांत कंटाळा यायचा.

---

मन_नेरूळ

ताईंना अनुमोदन, आणि थोडी भर घालते. मी एमए मानसशास्त्र करतेय, डॉक्टर नाहीये हे आधीच सांगते.

ताईंनी सांगितलं ती पद्धत थॉमस बोरकोवेक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली. त्याच्या मागची कल्पना झोपेच्या उपचारातून आलीय. रिचर्ड बूटझिनने १९७२ मध्ये निद्रानाशासाठी सांगितलं होतं की अंथरूण आणि जागं राहणं यांची जी सांगड बसलेली असते ती तोडा, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जा, पेंग आली की परत या. बोरकोवेकने तेच काळजीला लावलं. दादा, तुमचं तेच झालंय बघा, दिवा बंद होणं ही तुमच्या डोक्यासाठी विचार सुरू करायची खूण झालीय. म्हणून वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर पडून राहू नका, घड्याळ पण बघू नका, अंदाजे चालेल. उठा, मंद दिव्यात खुर्चीवर बसा, कंटाळवाणं काहीतरी वाचा. पण फोन नको.

आता "विचार करू नकोस" का चालत नाही ते. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नरने प्रयोग केला, विद्यार्थ्यांना सांगितलं पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर त्यांनाच सांगितलं आता खुशाल करा विचार, तर ज्यांनी आधी दाबून धरलं होतं त्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं, ज्यांना पहिल्यापासून विचार करायला सांगितलं होतं त्यांच्यापेक्षाही. कारण विचार आला नाही ना हे तपासायला सुद्धा तो विचार मनात धरून ठेवावा लागतो. तेव्हा तुमचं बटण सापडत नाहीये यात तुमचा काही कमकुवतपणा नाही, ते कुणाकडेच नसतं.

स्वभाव का सवय, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. सुझन नोलन-होक्सेमा यांनी आयुष्यभर याचाच अभ्यास केला, त्याला इंग्रजीत रुमिनेशन म्हणतात, म्हणजे शब्दशः रवंथ. त्या स्टॅनफर्डला असताना त्यांनी विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती, मन उदास झालं की तुम्ही काय करता, तेच तेच घोळवता की दुसरं काही करता. आणि १४ दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९८९ ला तिथे मोठा भूकंप झाला. त्यांनी त्याच मुलांना परत गाठलं, दहा दिवसांनी आणि मग सात आठवड्यांनी. ज्यांना आधीपासून घोळवायची सवय होती त्यांच्यात उदासीची लक्षणं जास्त होती, भूकंपाआधी ते किती उदास होते हे हिशोबात धरल्यावरसुद्धा. म्हणजे संकट बऱ्यापैकी सारखं, फरक मनाच्या सवयीचा. त्या याला प्रतिसादाची शैली म्हणायच्या, आणि शैली बदलता येते.

कशी बदलायची यावर इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठाच्या एडवर्ड वॉटकिन्सचं काम आहे. थोडक्यात असं की घोळवणारं मन "का" विचारतं. तो असं का वागला, माझ्याच बाबतीत असं का होतं, मी असा का आहे. या प्रश्नांना तळ नाही. त्याऐवजी बारीक, प्रत्यक्षातलं विचारायचं: नेमकं काय झालं, कधी, पुढचं पाऊल काय. तुमच्या उदाहरणात "थँक्स का नाही लिहिलं" याऐवजी "उद्या गेल्यावर त्याला एक वाक्य काय सांगू". उत्तर निघालं, की "रिपोर्ट बुधवारी देतो", तर तो विचार होता, कामाचा होता. आणि पाऊलच निघत नसेल तर ते वहीत, संध्याकाळच्या वेळेला.

---

पाचपाखाडी_काका

चिरंजीव, मी निवृत्त बँक अधिकारी आहे, वय ६७. तुमच्या पत्नीच्या वाक्यावरून लिहावंसं वाटलं. "नको विचार करूस" हे वाक्य मी माझ्या सौभाग्यवतींना जवळजवळ तीस वर्षं ऐकवलं. प्रेमानेच म्हणत होतो. पण तिला त्यातून ऐकू यायचं ते असं की हिचं पुन्हा सुरू झालं. हळूहळू तिने मला सांगायचंच बंद केलं आणि मला वाटलं हिची सवय गेली. फार उशिरा कळलं की ती रात्री स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून विचार करत असते.

ठाण्यात आयपीएच म्हणून मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे, १९९० पासून, डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली. आम्ही दोघं तिथे गेलो, आधी ती एकटी आणि मग मीही. तिथे विवेकनिष्ठ उपचारपद्धती समजली, मूळ अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, १९५५ सालापासूनची. मला जे उमगलं ते माझ्या भाषेत सांगतो. आपण इच्छेचा हट्ट करतो. "साहेब माझ्यावर खूश असावेत" ही इच्छा, ती रास्त आहे. "साहेब खूश असलेच पाहिजेत, नाहीतर संपलं" हा हट्ट. एका कोरड्या उत्तराने इच्छा दुखावते आणि दुखणं थांबतं, हट्ट मात्र रात्रभर जागा राहतो. तुम्ही वहीत लिहाल तेव्हा एवढंच बघा, त्या ओळीत कुठे "च" लपला आहे का. "झालंच पाहिजे", "कळलंच पाहिजे", "चुकताच कामा नये".

सौभाग्यवती आता मला सांगते, आणि मी "नको करूस" म्हणत नाही. "चहा टाकू का, ऐकतो" म्हणतो.

---

वाशी_सेक्टर_नऊ

मी थोडं कठोर लिहिणार आहे, राग मानू नकोस. मेल इथे टाकू नकोस.

सांगतो का. मला १२ वर्षं हेच होतं आणि माझं मूळ तिथे होतं जिथे कुणी बघत नव्हतं, लोकांना विचारत सुटण्यात. तू स्वतःच लिहिलंयस, मित्राने सांगितल्यावर अर्धा तास बरं वाटलं. मग बायकोला, मग परत बायकोला, आणि आता इथे आम्हाला. इथे दहा जण म्हणतील मेल छान आहे, तुला आज झोप लागेल, आणि उद्या वाटेल की यांना आमचा मॅनेजर कुठे माहितीये. मग अकरावा माणूस शोधशील. बरं वाटण्याचा तो अर्धा तास आहे ना, तोच सवयीला खाऊ घालतो. खाजवल्यावर जसं बरं वाटतं आणि खाज वाढते.

मला जे जमायला सगळ्यात जड गेलं आणि ज्याने खरा फरक पडला ते हे, की प्रश्न उघडा ठेवायचा. तो चिडलाय की नाही, माहीत नाही. माहीत नाही म्हणून जेवायला बसायचं, माहीत नाही म्हणून मुलीची गोष्ट वाचायची. सुरुवातीला छातीत अक्षरशः कळ येते, विचारावंसं वाटतं, फोन हातात येतो. मी ठरवलं होतं की विचारायचं असेल तर दोन तासांनी विचारेन. दोन तासांनी निम्म्या वेळा विचारावंसंच वाटायचं नाही. छोट्या गोष्टींपासून सुरू केलं, मेसेज पाठवून झाल्यावर परत वाचायचा नाही, गाडी लॉक केली की मागे वळायचं नाही.

घरच्यांनाही सांगावं लागतं. मी बायकोला म्हटलं, मी तिसऱ्यांदा तेच विचारलं तर उत्तर देऊ नकोस, "हे तू मला विचारून झालंय" एवढं म्हण. तिला ते फार जड गेलं, तिला वाटायचं आपण निष्ठुर होतोय. पण तिनेच निभावलं.

आणि एक. हे सगळं करूनही झोप आठवडेच्या आठवडे नाही, भूक नाही, कामावर जाववत नाही, किंवा गॅस-कुलूप तपासण्यात तास जातायत, किंवा जगणंच नको वाटायला लागलं, तर इथे प्रतिसादांची वाट बघू नकोस, मानसोपचार तज्ज्ञांना दाखव. माझ्या बाबतीत गोळ्या लागल्या, दीड वर्ष घेतल्या, त्यात काही कमीपणा नाही. ज्यांना लगेच कुणाशी बोलायचं असेल त्यांना सरकारची टेलिमानस लाईन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

---

घणसोली_४७

वाशीवाले दादा, मी "टाक की मेल" म्हटलं ते मागे घेतो. हा अँगल माझ्या डोक्यातच आला नव्हता. माझी बहीण पण अशीच सारखी विचारत असते आणि मी दर वेळी "काही नाही गं" म्हणून मोकळा होतो.

---

खारेगावकर

सहा आठवडे झाले, येऊन सांगायचं राहिलं होतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

वाशीच्या दादांचा प्रतिसाद वाचून त्या रात्री फार राग आला होता, लॅपटॉप बंदच केला. मग लक्षात आलं की राग आलाय तो मेलबद्दल कुणी काही सांगितलं नाही म्हणून आलाय. मेल नाही टाकला.

वही केली. वेळ आठची ठेवली, जागा आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरचा पाण्याच्या टाकीजवळचा कट्टा. ताई, तुम्ही म्हणालात तसंच पहिला आठवडा वाया गेला, मला वाटलं हे आपल्याला लागू नाही. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस वर गेलो आणि वहीत दोनच ओळी होत्या. काका, तुमचा "च" तर जिथे तिथे सापडतो, हळदीतल्या त्या प्रसंगात पण निघाला, "त्यांना मी आवडायलाच हवा होतो". ती आठवण अजून येते, पण आता आली की मी थांबून तिचं काही करत नाही, साबण लावतो.

झोपेचं पूर्ण जमलेलं नाही. आठवड्यातून दोन रात्री अजून वाईट जातात, विशेषतः रविवारची. उठून हॉलमध्ये बसतो, आईला वाटतं बरं नाहीये, तिला समजावणं हे एक वेगळंच काम होऊन बसलंय. बायकोने मात्र कमाल केली. आता ती "विचार नको करूस" म्हणत नाही, "लिहिलंस का?" म्हणते. एकदा रागात मी म्हटलं तू तरी सांग ना एकदा, तर तिच्या डोळ्यात पाणी आलं पण नाही सांगितलं तिने.

मॅनेजर चिडला होता की नाही, मला अजून माहीत नाही. रिपोर्ट दिला बुधवारी. अप्रेझल एप्रिलला आहे.

मुलीची तीच गोष्ट परत वाचली, या वेळी पानं ती उलटत होती, मी नुसता वाचत होतो. मध्येच एकदा मन गेलं कुठेतरी, पण तिचा हात पानावर आला की परत यावंच लागतं.

कोपरीच्या ताई, एक विचारायचं होतं. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे गावाला जातोय, राजापूरला, घर माणसांनी भरलेलं असणार. तिथे वेळ आणि जागा कशी सांभाळायची?

---

कोपरीची_ताई

किती बरं वाटलं वाचून.

गणपतीत आमच्याकडे पण पंचवीस माणसं असतात. मी तिन्हीसांजेला विहिरीकडे जायचे, कुणी विचारलं तर पाय मोकळे करून येते म्हणायचे. एका वर्षी वही ठाण्यालाच राहिली तर तिथल्या दुकानातून चाळीस पानी घेतली. दहा मिनिटं मिळाली तर दहा बस. आणि एखाद्या दिवशी अजिबातच नाही जमलं तर तो दिवस सोडून दे, दुसऱ्या दिवशीच्या वेळेला बस. रात्री अंथरुणात भरपाई करायला जाऊ नकोस तेवढं.